मेकअपआधीचा प्राइमर : रंगाआधी भिंत कोरडी हवी

तुळशीची लग्ने लागली की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. लग्न ठरलेल्या मुली, त्यांच्या आया, करवल्या आणि हल्ली नवरदेवसुद्धा. गेल्या हंगामात कोपरखैरण्याहून एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी करणारी. चेहरा ओढणीने झाकलेला. ओढणी बाजूला केली तर दोन्ही गाल लालबुंद, पापण्या सुजलेल्या आणि हनुवटीवर बारीक पुरळ.

"डॉक्टर, परवा हळद आहे, तेरवा लग्न," आई म्हणाली. "काहीही करा, पण हे झाकलं गेलं पाहिजे. पार्लरवाल्या ताई म्हणतात, भारीतला प्राइमर लावला की काही दिसणार नाही."

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आठ दिवसांपूर्वी ब्लीच, मग मैत्रिणीने सांगितलेला लिंबू आणि खाण्याच्या सोड्याचा लेप, त्यानंतर लग्नाच्या मेकअपची 'ट्रायल'. त्या ट्रायलमध्ये नवा प्राइमर आणि नवे फाउंडेशन. आठवड्याभरात चार नव्या गोष्टी चेहऱ्याला लागल्या होत्या. त्यांपैकी नेमका दोष कोणाचा, हे त्या दिवशी ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. मात्र आईच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. प्राइमरने हे झाकले जाणार नव्हते, उलट चिघळले असते.

प्राइमर हा शब्द आता वाशीच्या मॉलपासून पनवेलच्या बाजारापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. कॉलेजला जाणाऱ्या मुलीही तो पर्समध्ये ठेवतात. म्हणून आजच्या लेखात प्राइमर म्हणजे काय, तो लावण्याआधी त्वचेची तयारी कशी करावी आणि या तयारीच्या नावाखाली काय करू नये, हे पाहू.

प्राइमर म्हणजे काय?

घराला रंग काढलेल्या प्रत्येकाला हा शब्द माहीत आहे. खाडीकाठच्या आपल्या शहरात तर चार पावसाळे झाले की भिंतीला पोपडे येतातच. चांगला रंगारी डबा उघडून लगेच रंग फासत नाही. तो आधी पोपडे खरवडतो, पॉलिश पेपर मारतो, भेगांत लांबी भरतो, ती वाळू देतो, मग प्राइमरचा हात देतो आणि शेवटी रंगाचे दोन हात. प्राइमरमुळे भिंत रंग पिऊन टाकत नाही, रंग सगळीकडे सारखा बसतो आणि धरून राहतो. पण भिंतीत ओल असेल तर कितीही महागडा प्राइमर लावा, पुढच्या पावसाळ्यात पोपडा ठरलेला.

चेहऱ्याच्या प्राइमरचे कामही असेच आहे. बहुतेक प्राइमरमध्ये डायमेथिकोनसारखे सिलिकोन असते. ते त्वचेच्या आत फारसे शिरत नाही. वरच्या वर एक पातळ, गुळगुळीत पापुद्रा तयार करते. त्यामुळे बारीक रेषा आणि रंध्रांचे खळगे तात्पुरते भरून येतात आणि फाउंडेशन सारखे पसरते. काही प्राइमरमध्ये तेल शोषणारी सिलिकाची बारीक पूड असते, काहींमध्ये ओलावा धरणारे ग्लिसरीन, तर काहींमध्ये चमक देणारी अभ्रकाची पूड. हे औषध नव्हे. चेहरा धुतला की त्याचे काम संपले.

रंगाखाली काहीतरी हवे, ही गरज मात्र जुनी आहे. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव दिले आहे त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले. पुढे नाटकमंडळ्यांच्या रंगपटात सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुर्दाडशिंग अशी द्रव्ये आली. यांपैकी हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग आणि मुर्दाडशिंग शिशाचे. चेहऱ्यावर काय फासतो आहोत, हे विचारण्याची पद्धत त्या काळी नव्हती. आज ती असायला हवी. पाऱ्याची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

त्वचेची भिंत

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर हा मृत, चपट्या पेशींचा असतो. पेशींचे पंधरा-वीस थर एकावर एक रचलेले आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचे लिंपण. विटा आणि सिमेंटची भिंत ही उपमा अमेरिकेतील त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी रूढ केली आणि ती अगदी चपखल आहे. ही भिंत शरीरातील पाणी आत धरून ठेवते आणि बाहेरची रसायने, जंतू बाहेर ठेवते. चेहऱ्यावर ती आणखी नाजूक असते आणि पापण्यांवर सर्वांत पातळ.

या भिंतीविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. अंगाच्या साध्या साबणाचा सामू ९ ते १०, तर लिंबाच्या रसाचा २ च्या जवळ. एक सिमेंट विरघळवतो, दुसरा जाळतो. दुसरी गोष्ट, ही भिंत खालून वर नव्याने बांधून यायला चार आठवडे किंवा त्याहून थोडे अधिक दिवस लागतात. म्हणजे आज बिघडवलेली त्वचा परवाच्या हळदीपर्यंत दुरुस्त होत नाही. कोपरखैरण्याच्या त्या आईला मला हेच सांगावे लागले.

आपल्या हवेतली त्वचा

नवी मुंबईतील नोकरदार स्त्रीची त्वचा दिवसभरात दोन हवामानांतून जाते. सकाळी घामाने चिंब होत रिक्षा, मग फलाट, मग लोकलचा महिलांचा डबा. त्यानंतर महापे किंवा ऐरोलीच्या कार्यालयात आठ-नऊ तास वातानुकूलन. दमट हवेत घाम आणि तेल चेहऱ्यावर साचते. एसीच्या कोरड्या हवेत तीच त्वचा आतले पाणी गमावते. परिणामी नाक-कपाळ तेलकट आणि गाल ओढल्यासारखे, अशी तक्रार घेऊन अनेक जणी येतात.

अशा वेळी "माझी त्वचा तेलकट आहे, मला मॉइश्चरायझर कशाला?" असे म्हणून फक्त प्राइमर लावला जातो. हीच पहिली चूक. तेल आणि पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. वरून तेलकट दिसणारी त्वचाही पाण्यावाचून कोरडी असू शकते. कोरड्या जागी फाउंडेशन फुटते आणि तेलकट जागी ओघळते. मग दोष प्राइमरच्या माथी.

तयारीचा क्रम

१) हात धुवावेत. मगच चेहऱ्याला हात लावावा. सौम्य, साबणविरहित फेसवॉशने, साध्या किंवा कोमट पाण्याने चेहरा धुवावा. टॉवेलने खसाखसा पुसू नये, नुसता टिपावा. दिवसातून दोनदा धुणे पुरेसे आहे.

२) चेहरा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. तेलकट त्वचेला पातळ जेलसारखे, कोरड्या त्वचेला क्रीमसारखे. पाच-दहा मिनिटे ते मुरू द्यावे.

३) दिवसाचा कार्यक्रम असेल तर सनस्क्रीन लावावे. एस.पी.एफ. ३० किंवा अधिक. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढावी, एवढे चेहरा आणि मानेला लागते. बहुतेक जणी याच्या निम्मेही घेत नाहीत. 'सनस्क्रीनयुक्त प्राइमर' विकत मिळतो, पण प्राइमर आपण लावतो वाटाण्याएवढा. तेवढ्याने डब्यावर लिहिलेले संरक्षण मिळत नाही. त्यावर विसंबू नये. ज्यांना वांग आहे त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे. वांग केवळ अतिनील किरणांनी वाढतो असे नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो.

४) सनस्क्रीन बसायला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. मग वाटाण्याएवढा प्राइमर घेऊन नाकापासून बाहेरच्या बाजूला बोटांनी हलके थापत लावावा. सगळ्या चेहऱ्याला लागलाच पाहिजे असे नाही. नाक, कपाळ, हनुवटी आणि जिथे रंध्रे ठळक दिसतात तेवढ्या जागा पुरतात.

५) एक-दोन मिनिटे थांबून मग फाउंडेशन.

चेहऱ्यावर मळासारख्या गोळ्या वळतात, अशी तक्रार हमखास असते. खालचा थर वाळायच्या आत वरचा थर चढवला, प्रमाण जास्त झाले किंवा थापण्याऐवजी चोळले की असे होते. पाण्याचा अंश अधिक असलेल्या प्राइमरवर सिलिकोनचे फाउंडेशन लावले, किंवा याच्या उलट केले, तरी दोन्ही एकमेकांना धरत नाहीत. दोन्हींची जात एक असलेली बरी.

कोणाला कोणता?

तेलकट त्वचेला सिलिका असलेला, चमक मारणारा प्राइमर बरा. कोरड्या त्वचेला ग्लिसरीनयुक्त. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर तेल शोषणारा प्राइमर टाळावा, तो सुरकुत्यांत जाऊन बसतो. गालांवर लाली असेल तर हिरवट छटेचा आणि डोळ्यांखाली काळेपणा असेल तर नारिंगी छटेचा प्राइमर थोडाच लावावा. हा सगळा रंगांचा खेळ आहे. लाली किंवा काळेपणा कशाने आला, हे त्याने कळत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल, झोप अपुरी असेल किंवा डोळे चोळण्याची सवय असेल, तर उपाय त्या मुळावर करायला हवा. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

मुरुमे असलेल्या मुलींनी 'नॉन-कोमेडोजेनिक', म्हणजे रंध्रे न बुजवणारे, असे लिहिलेली प्रसाधने निवडावीत. प्रसाधनांमुळेच येणाऱ्या मुरुमांचे वर्णन अमेरिकेतील क्लिगमन आणि मिल्स या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७२ सालीच केले आहे. मुरुमे झाकायला मेकअप, मेकअपमुळे आणखी मुरुमे आणि ती झाकायला अधिक जाड मेकअप, असे हे दुष्टचक्र आहे. फुटलेली पुटकुळी, ओला इसब, नायटा, ओठांवरचे जरचे फोड यांवर प्राइमर किंवा कोणतेही प्रसाधन लावू नये.

आणखी एक सांगतो. रोज कामावर जाताना प्राइमर लावलाच पाहिजे असे मुळीच नाही. फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन ही रोजची भाजी-भाकरी. प्राइमर हे सणाचे पक्वान्न.

घरगुती समजुती

वाफ घेतली की रंध्रे उघडतात आणि बर्फ फिरवला की बंद होतात, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. रंध्रांना दरवाजे नाहीत आणि उघडझाप करणारे स्नायूही नाहीत. वाफेने साचलेला मळ मऊ होतो, एवढेच खरे. बर्फाने रक्तवाहिन्या थोडा वेळ आकसतात, सूज किंचित उतरते आणि चेहरा तात्पुरता टवटवीत वाटतो. बर्फ लावायचाच तर रुमालात गुंडाळून, अर्धा-एक मिनिट फिरवावा. थेट चोळला तर त्वचा भाजल्यासारखी होते.

लिंबू, सोडा आणि टूथपेस्ट या तीन गोष्टी स्वयंपाकघरात आणि मोरीतच राहू द्याव्यात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन तिथे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. बेसन-हळदीला माझा विरोध नाही. मात्र रवाळ पीठ जोरात घासले की वरचा थर सोलवटतो. सावळ्या त्वचेत असे प्रत्येक ओरखडणे मागे काळा डाग ठेवून जाते.

नव्या वस्तूची परीक्षा

दुकानात मनगटावर लावून पाच मिनिटांनी "काही झालं नाही" असे म्हणणे ही परीक्षा नव्हे. प्रसाधनांची अ‍ॅलर्जी बहुधा उशिरा प्रकट होते, ४८ ते ७२ तासांनी, काही वेळा त्याहीनंतर. म्हणून कोणतीही नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ सात ते दहा दिवस लावून पाहावी. खाज, लाली किंवा पुरळ आले नाही तरच चेहऱ्यावर घ्यावी. आणि एका वेळी एकच नवी वस्तू. चार एकदम आणल्या तर चोर सापडत नाही.

अ‍ॅलर्जीत सुगंधी द्रव्ये आणि टिकाऊपणासाठी घातलेली रसायने आघाडीवर असतात. 'हर्बल' लिहिलेल्या वस्तूंनाही हे लागू आहे. वनस्पतींच्या अर्कांचीही अ‍ॅलर्जी येते. ज्यांना कुंकवाने किंवा टिकलीने कपाळावर खाज आली आहे, त्यांनी तर विशेष जपावे. टिकलीच्या मागच्या डिंकातील एका रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडल्याची उदाहरणे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना चांगली परिचयाची आहेत.

उजळपणाची घाई

आता खऱ्या काळजीचा विषय. लग्नाआधी 'स्किन तयार करायची' म्हणून दोन-तीन महिने एखादी क्रीम लावली जाते. डबीवर बनवणाऱ्याचे नाव नाही, घटकांची यादी नाही. "लावून तर बघा, आठ दिवसांत उजळाल," एवढेच आश्वासन. आणि त्वचा खरोखर उजळतेही. तिथेच सावध व्हायला हवे.

२०२३ साली आपल्याच नवी मुंबईतील एका रुग्णालयात उजळपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाला इजा झालेले दोन रुग्ण आढळल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अकोल्यातील एकाच घरातील तीन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध झाली. ब्युटिशियनकडून घेतलेली क्रीम, काही महिन्यांचा वापर आणि मूत्रपिंडाचा विकार. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात तपासणी झाली आणि क्रीममध्ये पारा सापडला. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी तर जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील अशा मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी उजळपणाची क्रीम वापरली होती.

हे कसे घडते? त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्यासाठी एक विकर लागते. पारा ते विकर बंद पाडतो, म्हणून त्वचा उजळ दिसते. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. मग लघवीतून प्रथिने वाहू लागतात, लघवीला फेस येतो, पाय आणि चेहरा सुजतो. बहुतेक रुग्ण क्रीम बंद केल्यावर आणि उपचारांनी सुधारतात, पण वेळेत ओळखले गेले तर. भारतात २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत पारा मिसळलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. नियम आहेत, पण बेनामी डबीला नियम कळत नाहीत. ओळखायचे ते आपणच.

दुसरा धोका स्टिरॉइडच्या मलमांचा. ही मलमे इसबासारख्या रोगांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली उत्तम काम करतात. पण 'गोरेपणासाठी' चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते आणि मलम थांबवले की आग होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, अशी मलमे वापरत होते. २०१८ साली सरकारने अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करण्यास बंदी घातली. तरी आजही "केमिस्टने दिलं" असे सांगणारे भेटतातच. अशा त्वचेवर प्राइमर लावला तरी झोंबतो. कोणी असे मलम बरेच दिवस लावत असेल तर घाबरून एकदम बंद करू नये. डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

खरेदी करताना वेष्टनावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि घटकांची यादी आहे का, ते पाहावे. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यांतले नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

लग्नघरासाठी वेळापत्रक

तीन महिने आधी : मुरुमे, वांग, डाग यांवर उपचार घ्यायचे असतील तर आताच सुरू करावेत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर लग्नाची तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगावी. या गोळ्या चालू असताना, तसेच बंद केल्यावर एक महिन्याच्या आत गर्भ राहिल्यास बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. त्या काळात वॅक्सिंगही करू नये, कातडी निघते. ही गोष्ट संकोचापोटी लपवली जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

एक महिना आधी : मेकअपची ट्रायल करावी. लग्नाच्या दिवशी वापरायचा तोच प्राइमर, तेच फाउंडेशन. त्यानंतर नवे काही नाही. 'वधूसाठी खास ऑफर' असली तरी नाही.

आठ दिवस आधी : ब्लीच, पील, नवे फेशियल बंद. थ्रेडिंग-वॅक्सिंग हळदीच्या तीन-चार दिवस आधी उरकावे. सोललेल्या त्वचेवर हळद झोंबते.

हळदीचा दिवस : आपल्या आगरी-कोळी गावांत हळदीची रात्र म्हणजे लग्नाइतकाच सोहळा. गाणी पहाटेपर्यंत चालतात. मुलीला मात्र चार-पाच तास झोप मिळू द्या, त्याची सर कोणत्याही प्राइमरला नाही. हळद घरची, साधी वापरावी. पिवळेपणा घालवायला घासू नये. थोडे खोबरेल तेल लावून अलगद पुसावे आणि सौम्य फेसवॉशने धुवावे. राहिलेली पिवळी झाक वधूला शोभतेच.

लग्नाचा दिवस : वर दिलेला क्रम. घाई नको, चेहरा धुण्यापासून प्राइमरपर्यंत अर्धा तास हाताशी ठेवावा. पार्लरच्या ताईंना ब्रश आणि स्पंज धुतलेले आहेत का, हे विचारण्यात संकोच कसला? ब्रिटनमधील अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली वापरातील प्रसाधने तपासली तेव्हा दहांपैकी आठ-नऊ वस्तूंत जंतू आढळले. सर्वांत अधिक स्पंजमध्ये. शक्य असल्यास स्वतःचा नवा स्पंज न्यावा. काजळ आणि मस्कारा तर दुसऱ्याचे वापरूच नये.

रात्री : कितीही दमणूक झाली तरी मेकअप उतरवल्याशिवाय झोपू नये. सिलिकोन नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी तेलकट क्लिन्झर किंवा मायसेलर पाण्याने पुसावे, मग फेसवॉश, मग मॉइश्चरायझर. रंगभूमीवरचे कलावंत प्रयोगानंतर खोबरेल तेलाने रंग उतरवून मगच घरी जात, ती शिस्त आपणही घ्यावी. मुरुमे असणाऱ्यांनी मात्र खोबरेल चेहऱ्यावर ठेवू नये.

नवरदेवांनाही हेच लागू. दाढी मुहूर्ताच्या तासभर आधी न करता आदल्या संध्याकाळी करावी. ताज्या वस्तऱ्यावर प्राइमर झोंबतो.

डॉक्टरांकडे केव्हा?

प्रसाधन लावल्यावर पापण्या किंवा ओठ सुजले, पाणी सुटणारे पुरळ आले, आग दोन दिवसांत थांबली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा घसा आवळल्यासारखा वाटला तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. उजळपणाची क्रीम वापरत असताना पायांना सूज किंवा लघवीला फेस दिसला तर लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. ती स्वस्त आहे आणि कोणत्याही प्रयोगशाळेत होते. दवाखान्यात येताना वापरलेल्या सगळ्या डब्या, बाटल्या पिशवीत घालून आणाव्यात. अर्धे निदान त्या पिशवीत असते.

कोपरखैरण्याच्या त्या मुलीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तिला गोळ्या दिल्या, थंड पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या आणि सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर दिले. हळदीला चेहरा सोडून हाता-पायांना हळद लागली. लग्नाला ती ओठांना थोडा रंग, कपाळाला मुंडावळ्या आणि गालांवर उरलेली लाली, अशी उभी राहिली. आई नाराज होती. महिन्याने त्वचा पूर्ण बरी झाल्यावर पॅच टेस्ट केली, तेव्हा सुगंधी द्रव्याची अ‍ॅलर्जी निघाली. ट्रायलच्या पेटीतील दोन वस्तूंत ते होते. आता ती वेष्टन वाचल्याशिवाय काही घेत नाही.

जाताना तिने लग्नाचा फोटो दाखवला. गाल लालच होते. "सासूबाई म्हणाल्या, लाजून लाल झाली असेल," ती हसून म्हणाली. दर वेळी नशीब असे साथ देत नाही. म्हणून लग्नाची तारीख ठरली की हॉलबरोबर त्वचेचाही विचार करा, आणि रंगाऱ्याचा नियम लक्षात ठेवा : आधी ओल पाहायची, मग डबा उघडायचा.